जिवाणूंच्या बाटल्या पुष्कळ झाल्या, आता त्यांच्या पोटाचं बघा

मृग लागायच्या आधी तालुक्याच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात डोकवा. युरिया-डीएपीच्या थप्प्यांपुढे जेवढी गर्दी असते, तेवढीच आता बाटल्यांच्या फळीपुढे असते. ॲझोटोबॅक्टर, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास, मायकोरायझा, अशी पिकाला मदत करणाऱ्या जिवाणू-बुरशींची नावं. त्यांच्याच शेजारी अशीही रंगीत द्रावणं उभी असतात, ज्यांच्या लेबलवर आत नेमकं काय आहे ते धड लिहिलेलं नसतं, पण ‘जमीन जिवंत करा’ हे मात्र ठळक छापलेलं असतं. जिवाणू हा शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आला याचा मला आनंद आहे. एका पिढीपूर्वी जमीन म्हणजे एनपीकेचं, म्हणजे नत्र-स्फुरद-पालाशाचं, गणित एवढंच शिकवलं जात होतं. मातीत जीव असतो आणि पीक त्या जिवावर उभं असतं, हे आज पारावर बसलेला माणूसही बोलतो.

पण या जागृतीचा सगळा ओघ बाटलीकडे वळला आहे आणि तिथेच आपण चुकतो आहोत. जिवाणू विकत आणून जमीन सुधारत नाही. जमिनीत जे आधीपासून आहेत त्यांना खायला घातलं तर सुधारते. त्यांचं खाणं म्हणजे उसाचं पाचट, कापसाची पऱ्हाटी, तूरकाट्या, सोयाबीनचं भूस, शहरातला ओला कचरा. ते आपण दर वर्षी जाळतो, विकतो किंवा गावाबाहेर डोंगर रचून सडवतो. सरकारचा पैसा, विद्यापीठांची ताकद आणि आपलं स्वतःचं लक्ष आता या सेंद्रिय पदार्थाकडे वळायला हवं.

एक हिशेब मांडू. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंचांच्या थराचं वजन साधारण 9 लाख किलो भरतं. एक ग्रॅम मातीत 10 कोटी जिवाणू धरले तरी ते फार होत नाहीत. चांगल्या मातीत ते शंभर कोटींपर्यंतही असतात. म्हणजे एकरात नवावर सोळा शून्यं. आता बाटली घ्या. द्रवरूप जैविक खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान 10 कोटी जिवंत पेशी असाव्यात असा खत नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. लिटरभर बाटलीत झाले एकावर अकरा शून्यं. भागाकार केला की प्रमाण येतं ते असं: बाटलीतला एक आणि जमिनीतले नऊ लाख.

हे नऊ लाख तिथले मूळचे आहेत. त्या मातीच्या सामूला (आम्ल-विम्लतेला), चुनखडीला, वैशाखातल्या तापलेल्या ढेकळांना सरावलेले आहेत. तरी त्यातले बहुतेक काही करत नाहीत, निपचित पडून असतात, कारण त्यांना खायला नाही. अशा जमिनीत बाटली ओतणं म्हणजे दावणीत काडी नसताना बाजारातून आणखी एक बैलजोडी आणून बांधणं आहे.

खायला नाही म्हणजे किती नाही? 2015 साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. त्या पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे मातीत मुरलेल्या काडीकचऱ्यातल्या कार्बनचा, एक रकाना असतो आणि अर्ध्या टक्क्याच्या खाली आकडा असला की जमीन ‘कमी’ गटात मोडते. आपल्याकडच्या बागायती पट्ट्यातल्या कितीतरी पत्रिका त्याच गटातल्या असतात. उष्ण हवामानात सेंद्रिय पदार्थ झपाट्याने जळतो, त्यात वर्षातून दोन-तीन वेळा नांगर आणि रोटाव्हेटर फिरतो. हा आकडा फक्त 0.1 टक्क्याने वर न्यायचा, तर एकरात सुमारे 900 किलो कर्ब वाढून टिकला पाहिजे. शहरी कंपोस्टमध्ये, म्हणजे शहरातल्या ओल्या कचऱ्याच्या खतात, किमान 12 टक्के सेंद्रिय कर्ब असावा असा मापदंड आहे. म्हणजे टनाला 120 किलो. त्यातला कणही वाया गेला नाही असं धरलं तरी साडेसात टन लागतं. प्रत्यक्षात मोठा हिस्सा जिवाणू खाऊन हवेत सोडतात, त्यामुळे लागतं त्याहून कितीतरी जास्त, तेही वर्षानुवर्षं. काम या मापाचं आहे, आणि आपण ते लिटरच्या बाटलीकडून करून घेऊ पाहतो आहोत.

मग जैविक खतं निरुपयोगी का? अजिबात नाहीत, आणि सरसकट सगळ्यांना नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. ती कुठे चालतात आणि का चालतात हे समजून घेतलं की सगळा गुंता सुटतो.

सोयाबीनचं रायझोबियम घ्या. सोयाबीन हे आपल्या मातीतलं मूळचं पीक नव्हे, त्यामुळे त्याच्या मुळांवर गाठी धरणारा जिवाणूही आपल्या मातीत मुळात नव्हता. नव्या शेतात पहिल्यांदा सोयाबीन पेरताना दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट गुळाच्या पाण्यातून चोळलं, सावलीत सुकवलं आणि लगेच पेरलं, तर फरक उपटलेल्या रोपाच्या मुळावर दिसतो. गाठ नखाने फोडली आणि आत लालसर गुलाबी निघाली की समजावं, काम चालू आहे. हे पाकीट चालतं, कारण या जिवाणूला रोप स्वतःच्या मुळातून थेट साखर पुरवतं. तो मातीतल्या अन्नावर अवलंबून नसतो. हरभऱ्याला ट्रायकोडर्मा चोळला की मर रोगाला आळा बसतो, तेही पटण्यासारखं आहे. ती बुरशी बियाण्यालगत, अगदी मोक्याच्या जागी बसते. हुमणी या मुळं खाणाऱ्या अळीवरची मेटारायझियम ही बुरशीही त्याच धर्तीची. नेमका शत्रू, नेमकी जागा, नेमका उपाय.

याउलट ॲझोटोबॅक्टर. तो हवेतला नत्र बांधतो हे खरं, पण मुळात राहून नव्हे, मातीत मोकळा राहून. नत्र बांधणं हे भयंकर ताकदीचं काम आहे. एक किलो नत्र बांधायला त्याला पन्नास ते शंभर किलो साखरेच्या जातीचं अन्न लागतं. अर्धा टक्का कर्बाच्या जमिनीत ते त्याला कोण देणार? स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचंही तसंच. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद चुन्याला घट्ट धरून बसतो. हे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून तो मोकळा करतात. आम्ल बनतं कर्बापासून. कर्बच नसेल तर जिवाणू चांगल्या वाणाचा, ताजा आणि जिवंत असूनही आम्ल कशाचं बनवणार? शेणखत किंवा कंपोस्ट भरपूर पडलेल्या शेतात हीच बाटली गुण दाखवते आणि शेजारच्या कोरड्या शेतात दाखवत नाही. मग पारावर वाद होतो, एक म्हणतो फायदा झाला, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात गेले. दोघेही खरं बोलत असतात.

बाटलीत जिवाणू जिवंत असतील हे मी आतापर्यंत गृहीत धरलं. तेही धरवत नाही. जैविक खतं 2006 साली खत नियंत्रण आदेशाखाली आली, पेशींची संख्या ठरली, मुदत ठरली. पण हा माल जिवंत आहे आणि तो पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिल-मेच्या उन्हात, कीटकनाशकांच्या खोक्यांशेजारी पडून असतो. युरियाला ओल लागली तर फार तर खडे होतात. जिवाणूला ऊन लागलं की तो मरतो, आणि बाटलीतलं पाणी बाहेरून तसंच दिसतं. शेतकऱ्याला हा फरक डोळ्यांनी कळण्याची सोय नाही. म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. निर्मात्याच्या दारात घेतलेल्या नमुन्यावर विसंबू नये. दुकानाच्या फळीवरून, हंगामाच्या तोंडावर नमुने उचलावेत आणि त्यांचे निकाल बॅच क्रमांकासह जाहीर करावेत. ज्या बाटलीवर आतल्या जिवाणूचं नाव आणि संख्या नाही, ती ‘जमीन सुधारक’ अशा मोघम नावाखाली विकू देऊ नये. कृषी विद्यापीठं आणि कृषी महाविद्यालयं स्वतः जिवाणू संवर्धकं तयार करतात, ती स्वस्त आणि पुष्कळदा ताजी असतात. पण ती घ्यायला शेतकऱ्याला जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं. ती गावातल्या सोसायटीपर्यंत आली पाहिजेत.

घरच्या घरी करायच्या द्रावणांबद्दलही हेच म्हणावं लागेल. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने वीस रुपयांत दिलेलं वेस्ट डीकंपोजर स्वस्त होतं, दोनशे लिटर पाण्यात दोन किलो गूळ घालून वाढवता येत होतं, म्हणून ते घरोघरी गेलं. त्याचं काम कचरा कुजवण्याचं. पण किती जणांनी ते कचऱ्याच्या ढिगावर शिंपडलं आणि किती जणांनी उघड्याबोडक्या रानात पाटाच्या पाण्यातून सोडलं? नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांचं जीवामृतही तसंच पसरलं. दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी. त्यांच्या पद्धतीत आच्छादन आणि वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असणं) हे जीवामृताइतकेच महत्त्वाचे होते, ते स्वतः तसं सांगत आले. लोकांनी पिंप घेतलं आणि आच्छादन सोडलं. पिंप एका सकाळी ढवळून होतं, आच्छादनाला रानभर काडीकचरा लागतो. गूळ आणि बेसन मिळून चार किलो, एकराला. त्याच शेताच्या बांधावर चार टन पाचट पेटवलेलं असतं.

पाचटाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण महाराष्ट्रात कर्बाची एवढी मोठी आणि एवढी हातातली रास दुसरी नाही. एक हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट निघतं, एकरी साडेतीन-चार टन. चार टनांत दीड टनाच्या आसपास कर्ब असतो आणि जवळपास युरियाच्या एका गोणीएवढं नत्र. तोडणी टोळी वाढे जनावरांसाठी घेऊन जाते, मागे वाळलेलं पाचट उरतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काडी लागते. नत्र धुरात गेलं. कर्ब गेला. वरच्या दोन बोटं मातीतले जिवाणू भाजले गेले. महिनाभराने तोच शेतकरी दुकानात जाऊन जिवाणूंची बाटली मागतो. त्याला कोणी अडाणी म्हणू नये. जाळण्यामागे त्याची कारणं आहेत आणि ती खरी आहेत. सरीत पाचट असलं की पाणी पुढे सरकत नाही. सरीच्या बगला फोडता येत नाहीत, कुळवाच्या दातांत पाचट अडकतं. उंदीर होतात, साप निघतो. शेजाऱ्याने त्याचं पाचट पेटवलं की ठिणगी आपल्या खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून फुटणाऱ्या उसात, येते. आणि पाचट सरीत नीट बसवायला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही.

या प्रत्येक अडचणीवर उपाय आहे, तो आपल्याच संशोधन केंद्रांनी आणि शेतकऱ्यांनी शोधलेला आहे. पाचट एक आड एक सरीत घालायचं, म्हणजे मोकळ्या सरीतून पाणी जातं. बुडखे जमिनीलगत छाटायचे. शिफारस अशी की हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारे जिवाणू पाचटावर टाकायचे. बगला फोडायच्याच नाहीत. खत पहारीने वीतभर खोल भोक पाडून मुळाजवळ द्यायचं. यातल्या युरियाकडे लक्ष द्या. पाचटात कर्ब भरमसाट आणि नत्र अगदी थोडं. कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचं शरीर बांधायला नत्र लागतं. पाचटात ते मिळालं नाही की ते मातीतलं ओढतात आणि ऊस पिवळा पडतो. पाचट ठेवलं आणि पीक बसलं अशी तक्रार येते तिच्यामागे बहुतेक वेळा हे कारण असतं. वरून थोडा युरिया मिळाला की जिवाणूंची भूक भागते. जिवाणूंची बाटली कामाला येते ती इथे, कारण इथे तिच्यापुढे हेक्टरी दहा टन खाद्य पडलेलं असतं.

अशा खोडव्यात ऑगस्टमध्ये सरीत वाकून पाचटाचा थर हाताने उचलून बघा. वरची पानं करडी आणि कोरडी, करकर वाजणारी. त्याखालची तपकिरी, ओलसर, दोन बोटांत धरली की शिरेपासून सुटणारी. त्याच्याही खाली बुरशीचे पांढरे तंतू एका पानातून दुसऱ्यात गेलेले, आणि मातीला टेकलेल्या थरात गांडुळांच्या विष्ठेचे बारीक गोळे. बोट रोवलं तर ते सहज पेरभर आत जातं. वास येतो तो पहिल्या पावसानंतर येतो तोच, कारण दोन्ही वेळा तो ॲक्टिनोमायसिट्स नावाच्या जिवाणूंचाच असतो. शेजारच्या जळालेल्या सरीत त्याच दिवशी माती फळीसारखी बसलेली असते. मातीच्या आरोग्यावर कितीही व्याख्यानं ऐकली तरी या दोन सऱ्यांच्या मधल्या वरंब्यावर उभं राहिल्यावर जे कळतं ते तिथे कळत नाही. प्रत्येक साखर कारखान्याने आपल्या शेती खात्यामार्फत गावागणिक असा एक तरी प्लॉट ठेवावा.

यात नवीन काही नाही, हेच मला जास्त टोचतं. होळकरांच्या इंदूरमध्ये 1924 ते 1931 या काळात ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ मालाचं खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध बसवली. पुढे ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. माळव्याच्या काळ्या जमिनीत कापूस हेच पीक, त्यामुळे टणक पऱ्हाटीचं करायचं काय हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्यांनी पऱ्हाटी रस्त्यावर अंथरली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली चेचून घेतली. चेचलेली काडी मग बैलांच्या गोठ्यात, मग ढिगात. शंभर वर्षं होत आली. आज काडी बारीक करणारा श्रेडर आहे, ट्रॅक्टर आहे, तरी विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये धुऱ्यांवर पऱ्हाटीच्या होळ्या पेटतात. गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम तोडायचा तर पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नये हे बरोबर आहे. पण ती बारीक करून तापत्या ढिगात घातली तरी अळी मरतेच. नीट रचलेला ढीग आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो. त्या उष्णतेत तणांचं बी मरतं, रोगाचे बीजाणू मरतात.

विदर्भातल्याच पुसदच्या नारायण देवताओ पांढरीपांडे यांनी शेण कमी पडतं या खऱ्या अडचणीला हात घातला. त्यांच्या नावावरून नाडेप म्हणतात तो विटांचा हवेशीर हौद, दहा बाय सहा बाय तीन फुटांचा. त्यात दीड टनाच्या आसपास काडीकचरा, तेवढीच किंवा थोडी जास्त माती आणि शेण फक्त शंभर किलो. तीन-चार महिन्यांत जवळपास तीन टन खत. गोठे रिकामे होत चाललेल्या महाराष्ट्राला हाच हिशेब हवा आहे. आपली प्रत्येक पीक शिफारस ‘एकरी पाच टन चांगले कुजलेले शेणखत’ या ओळीने सुरू होते, आणि ते पाच टन येणार कुठून हे पुढच्या कुठल्याच ओळीत सांगितलेलं नसतं. मिळतं ते उकिरड्यातलं अर्धवट कुजलेलं, हुमणीच्या अळ्या आणि तणांच्या बियांसकट. कच्च्या शेणखताने हुमणी रानात येते हे कोल्हापूर-सांगलीच्या ऊस पट्ट्याला सांगायला नको.

आता पैशाकडे येतो, कारण शेवटी प्रश्न तिथेच अडतो. 45 किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला सुमारे 266 रुपयांना पडते. तिच्यात साधारण 20 किलो नत्र असतं. एक टक्का नत्राच्या कंपोस्टमधून तेवढं नत्र द्यायचं तर दोन टन माल भरा, वाहा, उतरवा, पसरा. नत्राचा स्रोत म्हणून कंपोस्ट युरियाशी कधीच बरोबरी करू शकणार नाही, आणि कंपोस्टची बाजू मांडणाऱ्यांनी ती बरोबरी करायलाही जाऊ नये. रासायनिक खत एकदम बंद केलं की काय होतं हे श्रीलंकेने 2021 मध्ये पाहिलं; काही महिन्यांत बंदी उठवावी लागली. कंपोस्टचं काम वेगळं आहे. ते मातीचे कण जोडतं, पाणी धरतं, दिलेला युरिया वाहून जाऊ देत नाही, जिवाणूंना वर्षभर पोसतं. पण त्याची किंमत कोणत्याच पावतीवर येत नाही. 2022-23 मध्ये देशाचं खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेलं. शहरी कंपोस्टसाठी 2016 साली जाहीर झालेलं सहाय्य टनाला 1,500 रुपये होतं. ते शेतकऱ्याच्या हातात पडत नव्हतं आणि दूरच्या वाहतुकीला पुरतही नव्हतं. कंपोस्टचं सगळं अर्थकारण वाहतुकीत आहे. अर्धा ट्रक तर पाणी आणि मातीच वाहतो. म्हणून मदत द्यायची तर ती किलोमीटरवर द्यावी आणि शेताच्या बांधावर उतरलेल्या टनावर मोजावी. 2023 मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या पीएम-प्रणाम योजनेत रासायनिक खतांचा वापर कमी करणाऱ्या राज्याला वाचलेल्या अनुदानातला निम्मा वाटा द्यायचं ठरलं. महाराष्ट्राच्या वाट्याला येईल तो पैसा मेळावे आणि फलकांवर न घालवता सरळ या वाहतुकीवर आणि श्रेडरच्या भाड्यावर खर्चावा.

शहरांनी तर आपल्या ओल्या कचऱ्याला लाज वाटावी असं वागवलं आहे. पुणेकरांचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला, तिथल्या विहिरींचं पाणी गेलं. मुंबईत देवनारला जानेवारी 2016 मध्ये लागलेल्या आगीचा धूर दिवसेंदिवस शहरावर होता. त्या डोंगरांत जे कुजत होतं, जळत होतं, त्यात भाजीपाला होता, फळं होती, फुलं होती. नाशिकच्या, नगरच्या, जुन्नरच्या मातीतून निघालेला कर्ब आणि पालाश होता तो. ट्रक भरून रोज शहरात येतो आणि परत कधीच जात नाही. कंपोस्ट होतं तेव्हाही त्यात काचेचे तुकडे, शाम्पूच्या पुड्या, बॅटरीतलं शिसं आणि कॅडमियम येण्याची धास्ती असते. शेतकरी एकदा पायाला काच लागली की आयुष्यभर ते खत घेत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. हे कारखान्यात चाळून सुटत नाही. चार मिलिमीटरच्या चाळणीतून काचेचा चुरा आणि शिसं दोन्ही पार होतात. ते सुटतं स्वयंपाकघरात, ओला आणि सुका वेगळा ठेवल्यावर. 2016 च्या घनकचरा नियमांनीच ते बंधनकारक केलं. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायका दारोदारी वेगळा कचरा घेतात आणि रोज सकाळी तो हाताने पुन्हा तपासतात. राज्याने शहरी कंपोस्टला ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हे नाव दिलं, ते चांगलं केलं. पण सोसायटीत राहणारा जो माणूस सेंद्रिय भाजीसाठी दुप्पट पैसे मोजतो आणि डायपर ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकतो, त्याच्यापर्यंत कोणतंही नाव पोचलेलं नाही. ती भाजी पिकवणाऱ्या मातीचं आपण काही देणं लागतो, हे त्याच्या डोक्यात यायला हवं.

दरम्यान या काडीकचऱ्याला नवे गिऱ्हाईक भेटले आहेत. पाचटाच्या गाठी बांधून नेतात, पऱ्हाटीच्या ब्रिकेट होतात, औष्णिक वीज केंद्रांत कोळशाबरोबर जाळायला काडीकचऱ्याचे पेलेट लागतात, उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळाचा, म्हणजे प्रेसमडचा, बायोगॅस होतो. कालपर्यंत जे ट्रॉलीभर प्रेसमड शेतकरी कारखान्यातून शेतात आणत होता, त्यावर आता गॅसवाल्यांचा डोळा आहे. बायोगॅसला माझा विरोध नाही. त्यातली स्लरी शेतात परतली तर अन्नद्रव्यं आणि थोडा टिकाऊ कर्ब तरी मिळतो. म्हणून ती परत देण्याची अट परवान्यातच घालावी. पेलेट करून जाळलेलं मात्र सगळं गेलं. टनामागे चार पैसे रोख मिळतात म्हणून शेतकरी विकतो. जमिनीतला कर्ब वाढवल्याबद्दल त्याला कोणी काही देत नाही, मग तो दुसरं काय करणार?

वाट्याने किंवा खंडाने जमीन करणाऱ्याचा प्रश्न तर आणखी अवघड. कंपोस्टचा गुण दिसायला तीन-चार वर्षं लागतात आणि त्याच्या हातात जमीन असते एका हंगामापुरती. तो बाटली घेईल, कंपोस्ट कशाला टाकेल? जमीनमालक पुण्या-मुंबईत राहून खंड घेतो, त्याने मृदा पत्रिकेतला कर्बाचा आकडा कधी पाहिलेलाही नसतो. खंडाच्या व्यवहारात पाचट न जाळण्याची आणि ठरलेलं टनभर खत टाकण्याची अट घालून त्याबदल्यात खंड कमी करता येतो. अशा तोंडी बोली ज्या गावांत होतात, तिथे त्या पाळल्याही जातात.

साखर कारखान्यांना तर हे याच हंगामात करता येईल. तोडणीनंतर फिल्डमन प्लॉटवर जातोच. त्याने पाचट जाळलेलं आहे की ठेवलेलं आहे ही एक नोंद करावी. जळीत ऊस आला की कारखाना कपात लावतो, तर पाचट ठेवणाऱ्याला टनामागे थोडी वाढ का देऊ नये? पुढच्या वर्षी त्या खोडव्याचा ऊस त्याच गव्हाणीत पडणार आहे. कुट्टी यंत्र कारखान्याने ठेवावं, भाडं उसाच्या बिलातून कापावं, हेक्टरी 80 किलो युरिया आणि जिवाणूंचं पाकीट तोडणीच्या आठवड्यातच बांधावर पोचवावं. कारखान्याच्या वार्षिक सभेत इथेनॉलच्या भावावर तासभर चर्चा होते. त्याच सभेत गावागणिक किती हेक्टर पाचट जळालं याचा तक्ता मांडायला लावावा, आणि ही मागणी सभासदांनीच करावी.